मोटारगाडी जुळणी उद्योग

सुट्या भागांच्या संचापासून पूर्ण मोटारगाडी उभी करण्याचा उद्योग. हे भाग बहुधा मूळ कंपनीच्या दूरच्या कारखान्यात तयार होतात आणि पेट्यांत भरून जहाजाने जुळणीच्या ठिकाणी येतात. संचाचे स्थूलमानाने दोन प्रकार आहेत. पूर्णतः सुट्या संचात सांगाड्याचे पत्रेही अलग असतात व वितळजोड, रंगकाम, आसने आणि विद्युत् जोडणी ही सर्व कामे जुळणी करणाऱ्या कारखान्यात होतात. अंशतः सुट्या संचात रंगविलेला सांगाडा तयारच येतो; त्यास एंजिन, गिअरपेटी, आस व चाके बसविणे एवढेच काम उरते. पहिल्या प्रकारात कारागिरांना बरेच शिकता येते, दुसऱ्यात फारच थोडे.

या उद्योगाचा उगम यंत्रविद्येपेक्षा आयातशुल्कात अधिक आहे. तयार मोटारीवर जबर शुल्क व सुट्या भागांवर त्याहून कमी शुल्क, अशी रचना बहुतेक विकसनशील देशांनी केली. दोहोंतील फरक जोवर जुळणीच्या खर्चाहून अधिक असतो, तोवर कारखाना चालतो. तसेच पेट्यांना जहाजात जागा कमी लागते.

भारतात या पद्धतीचा आरंभ मुंबईत झाला. फोर्ड कंपनीच्या कॅनडातील शाखेने १९२६ मध्ये भारतीय कंपनी स्थापन केली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे शेव्हरोले मोटारी व मालमोटारी यांची जुळणी सुरू केली. स्वातंत्र्यानंतर धोरण बदलले. १९४९ मध्ये तयार मोटारींच्या आयातीस बंदी झाली आणि १९५३ मध्ये जकात आयोगाच्या शिफारशीनुसार, भागांच्या देशी निर्मितीचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना व्यवसाय आवरता घेण्यास सांगण्यात आले. फोर्ड व जनरल मोटर्स या दोन्ही कंपन्यांनी त्या सुमारास काम थांबविले. शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला.

वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सचा (स्थापना १९४४) मार्ग निराळा होता. कुर्ला येथील या कारखान्यात १९४७ पासून अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची व पुढे इटलीच्या फियाट मोटारींची जुळणी होऊ लागली. मात्र एकेक भाग देशातच तयार करण्याकडे कंपनी वळली आणि फियाटचीच पुढे ‘प्रीमिअर पद्मिनी’ झाली. टेल्कोने १९५४ मध्ये जमशेटपूर येथे डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने मालमोटारी काढण्यास सुरुवात केली. पंधरा वर्षांचा करार १९६९ मध्ये संपला, तेव्हा गाडीवरील जर्मन तारा उतरला, पण उत्पादन थांबले नाही. पिंपरी येथील प्रकल्पात (१९६६) सुमंत मुळगावकर यांनी गाड्यांच्या आधी प्रशिक्षण केंद्र आणि यंत्रहत्यारांचा विभाग यांवर भर दिला. भोवती वाढलेल्या लघुउद्योगांचा पाया या काळात घातला गेला, आणि पुणे जिल्ह्याकडे पुढे परदेशी कंपन्या वळल्या त्या मुख्यतः याच कारणाने.

१९९१ च्या उदारीकरणानंतर या कंपन्या परत आल्या. मर्सिडीज-बेंझने १९९५ मध्ये टेल्कोच्या पिंपरी येथील आवारात जुळणी सुरू केली व २००९ मध्ये चाकण येथे स्वतःचा कारखाना उभारला. त्याच वर्षी चाकणलाच फोक्सवॅगनचा सु. ५७५ एकरांवरील कारखाना सुरू झाला. फियाट शिरूर तालुक्यातील रांजणगाव येथे आणि जनरल मोटर्स मावळ तालुक्यातील तळेगाव येथे (२००८) आली. खेड तालुक्यातील चाकण तोवर कांद्याच्या बाजारपेठेसाठी व फिरंगोजी नरसाळा यांनी १६६० मध्ये लढविलेल्या किल्ल्यासाठी ओळखले जाई.

येथील मोटारी परदेशी जातात त्या मुख्यतः मुंबई बंदरातून. शेजारच्या नेपाळमध्ये भारतीय मोटारींना मागणी आहे. श्रीलंका व बांगला देश येथे मात्र त्यांना जपानमधून येणाऱ्या वापरलेल्या मोटारींशी स्पर्धा करावी लागते. श्रीलंकेने तर परकीय चलनाच्या टंचाईमुळे २०२० मध्ये मोटारींची आयातच थांबविली व खासगी वाहनांवरील ही बंदी २०२५ मध्ये उठविली. दक्षिण आफ्रिका व मेक्सिको यांसारख्या दूरच्या बाजारपेठा पुण्याच्या कारखान्यांना अधिक उपयोगी पडल्या आहेत. त्यांपैकी मेक्सिकोसाठी सुकाणूचाक डाव्या बाजूस बसवावे लागते.

निर्यातीवरच विसंबण्यातील धोका तळेगाव येथे दिसून आला. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातील विक्री बंद केली आणि कारखाना केवळ निर्यातीसाठी चालू ठेवला. डिसेंबर २०२० मध्ये तोही थांबला. एक हजाराहून अधिक कामगारांचा प्रश्न न्यायालयात गेला. ग्रेट वॉल या चिनी कंपनीशी झालेला विक्रीचा करार सरकारी मंजुरीअभावी २०२२ मध्ये बारगळला. अखेर ह्युंदाईने २०२३ मध्ये कारखाना घेण्याचा करार केला व २०२५ मध्ये तेथे पुन्हा मोटारी तयार होऊ लागल्या. तंत्र, यंत्रे व रस्ते तेच होते. निर्णय दुसऱ्या खंडात झाले होते.

चाकणच्या उत्तरेस पुणे-नासिक मार्गावर आंबेगाव व जुन्नर हे तालुके लागतात. त्यांचे अर्थकारण मुख्यतः शेतीचे; मंचर व नारायणगाव येथील बाजार भाजीपाल्याचे, नारायणगावचा विशेषतः टोमॅटोचा. या भागाचे जीवन बदलले ते निर्यातीच्या मोटारींनी नव्हे, तर टेंपोने. नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये स्थापन झालेल्या बजाज टेंपो कंपनीने (२००५ पासून फोर्स मोटर्स) जर्मन आराखड्याच्या तीनचाकीपासून आरंभ केला. तिच्या आकुर्डी येथील कारखान्यातील गाड्या गावोगावी इतक्या पसरल्या, की ‘टेंपो’ हे सामान्यनाम झाले. शेतमाल बांधावरून थेट बाजारात नेणे तिने शक्य केले. जुळणीतून आलेले तंत्र स्थानिक गरजेला जोडल्याचे याहून चांगले उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच आढळते.

सुटे भाग कशास म्हणावे, हा वादही जुनाच आहे. काही मोटारींचे जवळजवळ पूर्ण संच निरनिराळे भाग म्हणून आणून कमी शुल्क भरल्याचा आक्षेप घेऊन सीमाशुल्क विभागाने २०२४ मध्ये स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडिया कंपनीस सु. १.४ अब्ज डॉलरच्या मागणीची नोटीस दिली. आपण नियमांचे पालन केल्याची भूमिका घेऊन कंपनीने २०२५ मध्ये तीस मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. त्याच वर्षी व्हिएटनाममधील क्वांग निन्ह प्रांतात स्कोडा मोटारींच्या जुळणीचा कारखाना सुरू झाला. तेथे जुळणी होणाऱ्या ‘कुशाक’ मोटारींचे संच पुण्याहून पेट्यांत भरून जातात.