कोंबडीच्या रोगप्रतिकारक जनुकांचे नियमन

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूचा भारतातील पहिला उद्रेक नोंदवला गेला. हा विषाणू कोंबड्यांत झपाट्याने मृत्यू घडवून आणतो, परंतु त्याचे अनेक प्रकार बदकांना फारशी बाधा करत नाहीत. या फरकाचे एक कारण दोन्ही पक्ष्यांच्या जनुकांत आहे.

प्रतिकारक जनुके सतत पूर्ण क्षमतेने चालत राहिली तर शरीराच्याच ऊतींना इजा होते, म्हणून एरवी ती मंद ठेवलेली असतात. पेशीत विषाणूचा आरएनए शिरला की एमडीए-५ हे संवेदक प्रथिन तो ओळखते, आणि त्याच्या इशाऱ्याने आयआरएफ-७ हे नियामक प्रथिन केंद्रकात जाऊन इंटरफेरॉनच्या जनुकाआधीच्या डीएनएच्या नियंत्रक भागाला, म्हणजे प्रवर्तकाला, चिकटते व ते जनुक कार्यान्वित होते. बाहेर पडलेले इंटरफेरॉन शेजारच्या पेशींना सावध करून त्यांच्यातील विषाणुरोधक जनुके जागवते, तर एसओसीएस गटातील प्रथिने पुढे ही प्रतिक्रिया आवरतात.

सस्तन प्राण्यांत आयआरएफ-३ हे प्रथिन जे काम करते ते कोंबडीत आयआरएफ-७ पार पाडते. बदकाकडे असलेला रिग-१ हा आणखी एक संवेदक मात्र कोंबडीत नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बदकाचे रिग-१ चे जनुक कोंबडीच्या पेशींत घातल्यावर इंटरफेरॉनचा प्रतिसाद वाढला आणि विषाणूची वाढ घटली.