चढ मुलांचे पाय चढतात, पण…

कोकणच्या सागरी रस्त्याने हिवाळ्यात सायकलवर निघालेली कुटुंबे आता नवलाची राहिलेली नाहीत. मुंबईहून रो-रो बोटीने मांडव्याला उतरायचे, अलिबाग, मुरूड करत आगरदांड्याला फेरीबोट धरायची आणि पलीकडच्या दिघीहून श्रीवर्धन, हरिहरेश्वर गाठायचे. या वाटेवर एक दृश्य हमखास दिसते. खाडीपासून वर जाणाऱ्या चढावर नऊ-दहा वर्षांचे पोर रडकुंडीला येते, सायकल टाकून बसते. दहा मिनिटांनी तेच पोर कुत्र्याच्या पिल्लामागे धावत असते आणि बाबा अजून कठड्याला टेकून धापा टाकत असतात.

बाबांच्या सुटलेल्या पोटाचा यात वाटा असेलही, पण मूळ कारण स्नायूंत आहे. फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 8 ते 12 वर्षांचे मुलगे, व्यायामाची सवय नसलेले प्रौढ आणि सहनशक्तीच्या खेळांतले राष्ट्रीय दर्जाचे खेळाडू यांना सायकलवर पूर्ण जोर लावायला सांगितले. थकव्याच्या बाबतीत मुले खेळाडूंच्या पंक्तीत बसली. नंतर सावरण्यात तर त्यांच्याहूनही सरस ठरली. वयात येण्यापूर्वी स्नायू ऑक्सिजनच्या मदतीने होणाऱ्या ऊर्जानिर्मितीवर जास्त भिस्त ठेवतात, शिवाय रक्तात साठलेले लॅक्टेटही लवकर निवळते.

पालक फसतात ते इथेच. ‘याला काही होत नाही’ म्हणून दुसऱ्या दिवशी वीस किलोमीटर वाढवले जातात. पण पाय सावरले म्हणजे मूल सावरले असे नाही.

आधी सायकलच पाहा. 25 किलोच्या मुलाखाली 13 किलोची सायकल म्हणजे त्याच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त ओझे. 70 किलोच्या माणसाने त्याच हिशेबाने 36 किलोची सायकल चढावर रेटून पाहावी! म्हणून मुलाच्या सायकलला सामान बांधायचे नाही; हलका गिअर मात्र हवाच.

दुसरा प्रश्न उन्हाचा. मुलांचे शरीर उष्णता मुळातच नीट सोसू शकत नाही, असे पूर्वी मानले जाई. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2011 मध्ये ही भूमिका बदलली. पुरेसे पाणी आणि विश्रांती मिळाली, तर मुलेही मोठ्यांइतकीच तग धरतात, असे तिचे म्हणणे. घोडे अडते ते ‘मिळाली तर’पाशी. खेळण्याच्या नादात मूल तहान सांगत नाही, आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणजे शरीर थंडही होत नाही. 9 ते 12 वर्षांच्या मुलांना व्यायाम करताना दर 20 मिनिटांनी 100 ते 250 मिलिलिटर पाणी द्यावे, असे ही अकादमी सांगते. घड्याळ लावूनच पाजावे. सकाळी अकरापर्यंत दिवसाचा मोठा टप्पा उरकलेला बरा. डोके दुखते म्हणणारे, मळमळणारे किंवा एकाएकी गप्प झालेले मूल ‘कंटाळले’ असे समजू नये. त्याला सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा. बोलणे असंबद्ध वाटले, तर वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

मागच्या सीटवरच्या धाकट्याचे गणित उलटे असते. पहाटे पॅडल मारणारी आई घामाघूम, तर हालचाल न करता वारा खाणारे मूल गारठलेले. आईच्या अंगावरून त्याच्या स्वेटरचा अंदाज बांधू नये; दर थांब्याला मानेमागे हात लावून पाहावा. वर्षाच्या आतल्या बाळाला तर सायकलवर बसवूच नये, कारण हेल्मेटसह डोके तोलण्याइतकी त्याची मान भरलेली नसते.

सगळ्यात मोठा धोका मात्र शरीराबाहेर, रस्त्यावर असतो. ताशी 32 किलोमीटरहून वेगाने येणारे वाहन प्राथमिक शाळेतल्या मुलांना नीट जोखता येत नाही, असे ब्रिटनमधील संशोधकांना 2011 मध्ये आढळले. समोरून येणारी गाडी त्यांना चक्क उभी असल्यासारखी भासू शकते. इथे हुशारी किंवा सराव कामाचा नाही. वेग टिपणारी दृष्टीच अजून पक्की झालेली नसते. तेव्हा रस्ता केव्हा ओलांडायचा, हे मुलावर सोडू नये. चालीत एक मोठे माणूस पुढे, मूल मध्ये आणि दुसरे मोठे माणूस मागे, किंचित उजवीकडे, म्हणजे मागून येणारी एसटी आधी त्याला बगल देईल.