विषाणूंची मोजदाद आणि पिपेटमधली चूक

गोवराच्या लसीच्या एका डोसमध्ये जिवंत विषाणूंची किमान १००० संसर्गक्षम एककं हवीत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. साध्या सूक्ष्मदर्शकाला न दिसणारा विषाणू मोजायचा कसा? तर त्याने मारलेल्या पेशींवरून.

रेनातो दुल्बेको यांनी १९५२मध्ये कॅलिफोर्नियात प्राण्यांच्या विषाणूंसाठी ही पद्धत बसवली. बशीत पेशींचा सलग थर वाढवायचा, त्यावर विषाणूचं खूप पातळ केलेलं द्रावण सोडायचं आणि वरून अगार ओतायचा. अगारामुळे विषाणूला लांब पसरता येत नाही, शेजारच्याच पेशी मरतात. रंग दिला की तिथे फिका ठिपका उरतो. तोच प्लाक. ठिपके मोजून, द्रावण जितकं पातळ केलं तितक्या पटीने गुणायचं.

आकडा मिळतो, पण तो किती भरवशाचा? २५ ठिपके दिसले तर निव्वळ योगायोगाने त्यात पाचेक इकडेतिकडे होतात, म्हणजे २० टक्के. १०० ठिपक्यांवर हा फरक १० टक्क्यांवर येतो. एकाच बशीत गर्दी केली तर ठिपके एकमेकांत मिसळतात, म्हणून बश्या वाढवायच्या.

माझ्या मते खरा धोका मात्र बशीच्या आधीच असतो. दहापट पातळ करण्याच्या सहा पायऱ्यांत पिपेटने दर वेळी पाच टक्के कमी द्रव उचलला, तर शेवटी हिशेब जवळपास चतुर्थांशाने चुकतो. शेवटच्या पायरीच्या त्याच नळीतून पन्नास बश्या भरल्या तरी ही चूक तशीच राहते. उलट पन्नासही बश्या एकमेकींशी जुळतात आणि चुकीचा आकडा पक्का वाटू लागतो! त्यामुळे पातळ करण्याची अख्खी साखळीच मूळ नमुन्यापासून पुन्हा करावी लागते. दर पायरीला टिप बदलायची, नळी नीट ढवळायची आणि पिपेटने उचललेलं पाणी वजन करून तपासायचं. कंटाळवाणं काम, पण नेमकेपणा इथूनच येतो.

पेशींऐवजी जनुकांवरूनही विषाणू मोजता येतात: डिजिटल पीसीआर या पद्धतीत नमुना हजारो थेंबांत विभागून जनुकं मोजतात. आकडा फार नेमका येतो, पण त्यात निकामी विषाणूही धरले जातात. पोलिओच्या विषाणूत एका प्लाकमागे तीस ते हजार कण असू शकतात. त्यामुळे जिवंत लसीची ताकद आजही पेशींवरच पाहतात, आणि दर चाचणीत ठरलेल्या ताकदीचा संदर्भ नमुना सोबत ठेवतात. त्याचाच आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, तर त्या दिवशीची चाचणी रद्द.