वज्री टाचेपुरतीच

दिवाळी जवळ आली की उटण्याची चौकशी सगळे करतात, वज्रीची कोणी करत नाही. न्हाणीघराच्या कोनाड्यात पडून राहणारी ही टाचा घासायची वस्तू माझी मात्र फार वर्षांची लाडकी आहे. पुण्यात पाहुणे आले की मी त्यांना राजा दिनकर केळकर संग्रहालयात नेते. सांगते अडकित्ते दाखवते म्हणून, आणि उभं करते वज्र्यांपुढे. दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) आयुष्यभर दिवे, दौती, कड्याकोयंडे जमवले. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या माणसाला पायाचा मळ काढायची वस्तूही जपावीशी वाटली, याचं मला अजून अप्रूप आहे. एकदा शेजारी उभ्या असलेल्या शाळकरी मुलाने विचारलं, “बाई, ही खेळणी का हो?” त्याचं काय चुकलं? वरच्या अंगाला पक्षी, प्राणी; खालच्या अंगाला आडव्याउभ्या चरांची खरखरीत जाळी. काहींच्या पोटात तर खडे असतात, घासताना खुळखुळतात.

पण ती नुसती शोभा नव्हे. पाखराची पाठ मुठीत बरोबर बसते आणि साबणाच्या हातातूनही निसटत नाही. पितळेला स्वतःचं वजन असतं, त्यामुळे हाताने जोर द्यावा लागत नाही. हल्लीच्या प्लॅस्टिकच्या दांड्याला बसवलेल्या किसण्या हातात घेतल्या की हा फरक कळतो. त्या वजनाला हलक्या आणि दातांना तीक्ष्ण, म्हणजे नेमकं उलटं. ज्यांच्या घरी पितळ नव्हतं तिथे खापराचा किंवा खंगर विटेचा तुकडा असे. सुश्रुतसंहितेतही विटेने अंग घासण्याचा उल्लेख आहे, तेव्हा खंगराला कमी लेखू नये.

वज्री कोरड्या टाचेवर फिरवायची नाही. पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवावेत, टाच मऊ झाली की साबण लावून हलक्या हाताने घासावी, आणि कातडी गुळगुळीत लागली की थांबावं. गुलाबी दिसेपर्यंत घासत बसू नये. आठवड्यातून एकदा पुरे. मग पाय टिपून, ओल आहे तोवरच भिरंडेल लावायचं. कोकमाच्या बियांचं हे घट्ट तेल गोव्या-कोकणात भेगांवर पिढ्यान्‌पिढ्या लावतात. अंगाच्या उबेने ते विरघळतं. माझी आत्या ते वाटीत घेऊन दिव्यावर धरायची आणि मोजे घालून झोपायची, त्या मोज्यांची आम्ही मुलं यथेच्छ टिंगल करायचो. टाच चिरून रक्त येत असेल तर वज्री लांबच ठेवावी. मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झालेल्यांनी तर तिला हातही लावू नये, कारण जखम झालेली कळतच नाही. आणि वज्री ज्याची त्याची वेगळी.

शास्त्र थोडक्यात सांगते. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातल्या पेशी मृत असतात आणि आपोआप गळतात. तरुणपणी हे चक्र साधारण महिन्याभराचं, वय वाढेल तसं लांबतं. तळपायाला हा थर जाड, चेहऱ्यावर अगदी पातळ. झालं शास्त्र.

आता या एका फरकाकडेच सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. टाचेला शोभेल अशी खरखर लोक गालावर चालवतात. अक्रोडाच्या कवचाची भुकटी घातलेले स्क्रब मला मुळीच पसंत नाहीत. नायलॉनची जाळी त्याहून वाईट. माझ्या नात्यातल्या एका बाईंनी वर्षानुवर्षं पाठ तिने घासली, ‘मळ निघतच नाही’ म्हणून. तो मळ नव्हताच. घासून घासून काळवंडलेली कातडी होती. आपल्या सावळ्या, गव्हाळ त्वचेला चोळलं की ती डाग धरते. उजळ व्हायला म्हणून घासावं आणि काळं व्हावं, असा हा उफराटा कारभार.

चेहऱ्यासाठी न घासता काम करणारी आम्लं बरी. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल मृत पेशींची चिकटण सैल करतात. सॅलिसिलिक तेलात विरघळतं, म्हणून मुरमांच्या तेलकट त्वचेला ते मानवतं. सौम्य प्रमाणात, आठवड्यातून एकदा-दोनदा, रात्री लावावं आणि दिवसा सनस्क्रीन चुकवू नये, कारण ग्लायकोलिकसारख्या आम्लांनी त्वचा उन्हाला हळवी होते. रेटिनॉइडचं मलम चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. आग झाली की बंद, ‘सवय होईल’ म्हणून रेटायचं नाही.

राहिलं उटणं. नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, आंबेहळद ही मंडळी वासाला. मळ काढायचं काम मसुरीच्या पिठाचं. पण आधी तेल जिरवायचं, ही जुनी रीत मला फार शहाणपणाची वाटते, कारण तेलाने घर्षण कमी होतं. उटणं ओलं असतानाच हलकेच चोळावं, वाळून पापुद्रे धरल्यावर ओरबाडू नये. चेहऱ्याला लावायचंच तर वस्त्रगाळ करून घ्यावं आणि नुसतं टेकवून धुवावं. नरकचतुर्दशीच्या पहाटे, न्हाणीघराबाहेर रांग लागलेली असताना, एवढा धीर कोणाला असतो हा वेगळा प्रश्न.