मूत्रपिंडातील मिठाचे नाके

मनुष्याची दोन मूत्रपिंडे दिवसभरात रक्तातून सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्या द्रवाबरोबर जवळजवळ दीड किलो मीठही गाळले जाते. मूत्रावाटे बाहेर पडते ते मात्र एकदोन लिटर पाणी व काही ग्रॅम मीठ. बाकी सारे रक्तात परत येते.

या परतीचा मोठा भाग मूत्रनलिकांच्या आरंभीच उरकतो. खरा निवाडा होतो तो शेवटच्या टप्प्यात, उरलेल्या थोड्याशा मिठाचा. तेथील पेशींचे आवरण स्निग्ध असल्यामुळे विद्युत्भारित सोडियमचे कण त्यातून शिरू शकत नाहीत. त्यांच्यासाठी आवरणात प्रथिनांची सूक्ष्म द्वारे असतात. सोडियम आत आले की पेशीच्या दुसऱ्या बाजूचा पंप ते रक्ताकडे लोटतो. त्याच्यामागोमाग पाणी आपल्या स्वतंत्र द्वारांनी जाते आणि पोटॅशियम मूत्रात उतरते. शरीरात मीठ कमी पडले की अधिवृक्क ग्रंथीतून आल्डोस्टेरोन हे संप्रेरक स्रवते व उघड्या द्वारांची संख्या वाढते.

हे नाके सदैव उघडेच राहिले तर? १९६३ साली अमेरिकेतील डॉ. ग्रँट लिडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच एका कुटुंबाचे वर्णन प्रसिद्ध केले. ऐन तारुण्यातच त्या भावंडांचा रक्तदाब चढलेला, आणि रक्तातील पोटॅशियम उतरलेले. आल्डोस्टेरोन अतोनात वाढले असावे, असेच कोणीही म्हटले असते. तपासणीत ते अगदी अल्प आढळले! दोष ग्रंथीचा नसून मूत्रपिंडाचाच असावा, हा लिडल यांचा तर्क होता. पुढे मूळ रुग्ण स्त्रीवर दुसऱ्याच्या मूत्रपिंडाचे रोपण झाले, तेव्हा तिचा विकार ओसरला आणि तर्काची सत्यता पटली.

१९९४ साली उलगडा पूर्ण झाला. द्वाराच्या एका प्रथिनाचे टोक आनुवंशिक दोषाने तुटलेले होते. जुनी द्वारे काढून घेताना पेशी ज्या खुणेवरून ती ओळखते, ती खूण याच टोकावर असते. खूणच नाहीशी झाल्याने द्वारे आवरणावर साचत जातात व गरज नसतानाही मीठ आत ओढतात. याच्या नेमका उलटा विकार काही नवजात बालकांत आढळतो. त्यांची द्वारे निकामी असतात. मीठ व पाणी वाहून जाते, पोटॅशियम मात्र साचून हृदयाला धोका पोचतो.

लिडल यांच्या विकारात आल्डोस्टेरोनला अडविणारे स्पायरोनोलॅक्टोन व्यर्थ ठरते, कारण द्वारे त्याच्या हुकुमावाचूनच उघडी असतात. अमिलोराइड हे औषध थेट द्वारातच बुचासारखे बसते. ते घेऊन आहारातील मीठ कमी केले की रक्तदाब उतरतो. म्हणूनच तरुण वयातील चढ्या रक्तदाबात नुसता दाब मोजून भागत नाही. पोटॅशियम व आल्डोस्टेरोन हीही पाहावी लागतात, आणि घराण्यात आणखी कोणाला हा त्रास आहे काय, याचीही चौकशी करावी लागते.