हौदातील शेवाळ व फरशीची निगा

घरचा पोहण्याचा हौद ही श्रीमंतांची चैन, असे आपण म्हणतो. परंतु मळ्यात फरशी बसवलेला हौद असला की उन्हाळ्यात मुले त्यात उतरणारच. भोपाळच्या तुलसी नगरात राहणाऱ्या एका कुटुंबाचा असा हौद आम्ही पाहिला. पाणी हिरवे झालेले, नातू तळाच्या फरशीवर घसरून पडलेला. आजोबा तेजाब आणि ब्लीचिंग पावडर एकदमच ओतण्याच्या बेतात होते. आम्ही त्यांचा हात धरला.

या दोन वस्तू एकत्र आल्या की क्लोरीन वायू सुटतो आणि तो फुप्फुसे जाळतो. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळवर पसरला तो मिथाइल आयसोसायनेट. वायू निराळा, परंतु श्वासाचे मोल या शहराला कोणी शिकवायला नको. शिवाय तेजाब फरशीच्या सांध्यातील सिमेंट खाते. सांधे पोकळ झाले की शेवाळ तिथेच घर करते.

शेवाळाला ऊन आणि खत हवे. पालापाचोळा, शेण, शेतातून वाहून आलेला युरिया ही त्याची खुराक. म्हणून हौदाला उंच काठ बांधावा, पाने रोज जाळीने काढावीत, वापर नसेल तेव्हा हौद झाकावा.

सफाईची रीत अशी. प्रथम भिंती, तळ व सांधे नायलॉनच्या ब्रशने घासावेत. तारेचा ब्रश वापरू नये. पाण्याच्या रेषेवरचा पांढरा थर खाण्याच्या सोड्याच्या लगद्याने घासावा. मग पाणी मोजावे. ५ मीटर लांब, २ मीटर रुंद, १ मीटर खोल हौदात १०,००० लिटर पाणी असते. त्याला ३०० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर लागते. बादलीभर पाण्यात पावडर टाकावी, पावडरीवर पाणी ओतू नये. गाळ खाली बसल्यावर वरची निवळी सूर्यास्तानंतर हौदात सोडावी, कारण उन्हाने क्लोरीन उडून जातो. मेलेले शेवाळ तळाशी बसले की काढून टाकावे.

पुढे रोज संध्याकाळी सुमारे ६० ग्रॅमपासून आरंभ करून तपासणी संचाने पाहत जावे. क्लोरीन दर लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम आणि पाण्याचा सामू ७.२ ते ७.८ असावा. क्लोरीन ३ च्या खाली येईपर्यंत मुलांना उतरू देऊ नये.

बोर्डो मिश्रणातले मोरचूद शेवाळ मारते खरे, परंतु फरशीवर डाग पाडते आणि मासळीला घातक ठरते. ते टाळलेले बरे. क्लोरीनचे पाणी लगेच पिकाला किंवा तळ्यात सोडू नये. काही दिवस उघडे ठेवून, तपासून मगच सोडावे.

पावडर कोरड्या, अंधाऱ्या जागी, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. तेजाबाची बाटली तिच्या शेजारी कधीच नको. आजोबांनी त्याच दिवशी ती बाटली वेगळ्या खोलीत कुलपात ठेवली. आपणही आज आपले कपाट उघडून पाहावे.