एकच भरणा, दोन नोंदी



प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणाची योजना केंद्र सरकारने २०२२ साली मंजूर केली. गावोगावच्या सोसायट्यांचे दप्तर आता संगणकावर येत आहे. कीर्द-खतावणीचे कष्ट वाचले, पण एक नवी डोकेदुखी आली : एकच रक्कम दोनदा जमा.

समजा, ऊसबिलातून कर्जवसुलीचे ४८,००० रुपये १२ फेब्रुवारीला सोसायटीच्या बँक खात्यावर आले. सचिवांना ते १४ तारखेला कळले. त्यांनी त्या दिवशीची पावती फाडून नोंद घातली. महिनाअखेरीस बँकेचा उतारा संगणकात घेतला, तर १२ तारखेची तीच रक्कम पुन्हा आली. तारखा वेगळ्या, पावतीवर बँकेचा यूटीआर नंबर नाही. मग बिचाऱ्या संगणकाने ओळखायचे तरी कसे?

हा नुसता आकड्यांचा खेळ नव्हे. दुसरी नोंदही कर्जखात्याला गेली, तर सभासदाचे कर्ज कागदावर ४८,००० ने जास्त फिटते. तो निर्धास्त राहतो. पुढे तपासणीत चूक सापडली की तोच माणूस थकबाकीदार ठरतो, आणि मुदतीत फेडणाऱ्याला मिळणारी व्याजसवलत हातची जाते.

डबल नोंद ओळखायची सोपी खूण आहे. ३१ मार्चला पुस्तकात बँक शिल्लक ४,८६,५०० आणि उताऱ्यावर ४,३८,५०० असेल, तर फरक बरोबर ४८,००० चा. न वटलेले चेक आधी वजा-जमा करून पाहावेत. तरीही फरक उरला, तर त्याच रकमेच्या नोंदी शोधाव्यात.

पण सापडली की उडवली, असे करू नये. आमच्या मते खरा धोका इथेच आहे. लोणावळ्याच्या चिक्कीच्या दुकानात रविवारी एकाच दरातली पुडकी घेणारी दहा गिऱ्हाइके यूपीआयने सारखीच रक्कम देतात. त्या दहाही नोंदी खऱ्या! तेव्हा नोंद काढण्याआधी बँकेच्या उताऱ्यावर त्या रकमेच्या किती ओळी आहेत ते मोजावे आणि शेजारची शिल्लक पाहावी. शिल्लक दोनदा वाढली असेल तर पैसे दोनदाच आले आहेत. एखाद्याने चुकून दोनदा भरले असतील, तर ते त्याला परत द्यायचे असतात. नोंद पुसून ते नाहीसे होत नाहीत.

आणखी एक फसवी जागा. सोसायटीने एका बँकेतून दुसऱ्या बँकेत रक्कम वळवली, की ती दोन्ही उताऱ्यांवर दिसते. दोन्ही उतारे संगणकात घेतले की एकाच व्यवहाराच्या दोन नोंदी होतात. तिथे एकच कॉन्ट्रा नोंद ठेवावी.

डबल असल्याची खात्री पटली की आधी बॅकअप घ्यावा. मग पावती नंबर असलेली नोंद ठेवून तिच्यात यूटीआर आणि बँकेची तारीख लिहावी व दुसरी काढावी. लेखापरीक्षण झालेल्या वर्षातली असेल तर मात्र हात लावू नये. चालू वर्षात उलट नोंद करून लेखापरीक्षकांना कारण दाखवावे.

उतारा घेताना १ ते १५ तारीख एकदा आणि १० ते ३० पुन्हा, असे झाले तर सहा दिवस दुबार येतात. म्हणून शेवटचा उतारा कोणत्या तारखेपर्यंत घेतला, ते संगणकाशेजारच्या वहीत लिहून ठेवावे. हो, वहीतच.